राज्यसेवाच का, हे स्वतःला विचारायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय २७, लातूर जिल्ह्यातलं गाव, बी.एस्सी. अ‍ॅग्री, पुण्यातलं चौथं वर्ष. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा पोचलात, पोस्ट निघाली नाही, म्हणजे निवड झाली नाही. मधल्या काळात एका बँकेत कृषी अधिकारी म्हणून निवड झाली आहे. जॉइन व्हावं की आणखी एक अटेम्प्ट द्यावा, हे ठरत नाही. शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे आणि मला खरा प्रश्न तोच वाटतो : ‘उपजिल्हाधिकारी का व्हायचंय यावर मॉक इंटरव्ह्यूत मी छान बोलते, पण रात्री स्वतःला सांगायला गेले की काहीच सापडत नाही.’

मी पुण्यात बरीच वर्षं करिअर समुपदेशन करते. पेरूगेट, सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागातल्या अभ्यासिकांमधून माझ्याकडे जी मुलं-मुली येतात, त्यांतल्या निम्म्यांना हेच विचारायचं असतं, फक्त विचारताना ते ‘वेळेचं नियोजन कसं करू’ किंवा ‘एकाग्रता होत नाही’ असं म्हणतात. तुम्ही सरळ विचारलंत, त्यामुळे अर्धं काम झालं आहे.

सगळ्यात आधी ते मॉकमधलं उत्तर बाजूला काढा. ‘शेवटच्या घटकापर्यंत योजना पोचवायच्या आहेत’ हे वाक्य खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण ते समोरच्या पॅनेलसाठी घडवलेलं आहे, पाठ केलेलं आहे आणि क्लासच्या सरांनी दोनदा तपासलेलंही आहे. आपण जे वारंवार बोलतो ते हळूहळू आपल्याला आपलंच वाटायला लागतं. मग रात्री स्वतःला ‘का’ विचारलं की पहिल्यांदा तेच पाठांतर वर येतं, आणि ते आपलं नाही हे मनाला कळत असल्यामुळे पुढे काहीच सुचत नाही.

दुसरी अडचण खुद्द ‘का’ या प्रश्नातच आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग असा की दुकानात बायकांच्या नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि लोकांना त्यातला सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी लोकांचा कल ठळकपणे सर्वांत उजवीकडच्या जोडाकडे गेला. कारण विचारलं तर वीण चांगली, पोत चांगला, असं सगळं सांगितलं. मांडणीतल्या जागेचा परिणाम झाला असेल हे एकालाही सुचलं नाही, आणि विचारल्यावरही जवळजवळ सगळ्यांनी ते नाकारलं. मोजे निवडताना हे होतं, तर आयुष्याची दहा वर्षं जिथे घालायची ती गोष्ट निवडताना होत नसेल का? म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना पहिल्या भेटीत ‘का’ विचारतच नाही. कधी ठरलं, कुठे ठरलं, तिथे कोण होतं, डोळ्यांसमोर नेमकं काय येतं, असले प्रश्न विचारते. त्यांची उत्तरं सजवता येत नाहीत.

‘कधी’चं उत्तर तुम्ही न विचारताच दिलं आहे. २०१६ चा एप्रिल, बारावीची परीक्षा नुकतीच झालेली, आणि लातूरला रेल्वेने पाणी आलं. मामांबरोबर तुम्ही ती पाण्याची गाडी, ‘जलदूत’, बघायला गेला होतात आणि ‘तेव्हाच ठरवलं’ असं लिहिलं आहे. इथे जरा थांबू या, कारण तुमच्या पत्रातली ही सगळ्यात मोलाची जागा आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे.

तो प्रसंग पुन्हा नीट आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेल्या टाकी-वॅगन मिरजेत भरल्या आणि पहिल्या खेपेला दहा वॅगनमधून पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचलं. आता मला सांगा, या चित्रात तुम्हाला कोण व्हावंसं वाटलं? त्यात जिल्हाधिकारी कार्यालयात बसून टँकरचं आणि वाटपाचं वेळापत्रक ठरवणारे आहेत. रेल्वेचे लोक आहेत. मिरजेत पंपापासून स्थानकापर्यंत घाईघाईने पाइप टाकून घेणारे अभियंते आहेत. मांजरा आटली कशी आणि अशा पट्ट्यात ऊस किती लावावा, यावर वाद घालणारे शेतीचे अभ्यासक आहेत. हा सगळा प्रकार जगापर्यंत नेणारे पत्रकारही आहेत. आणि फलाटावरच्या गर्दीत उभं राहून ‘आपल्याकडे ही वेळ का यावी’ म्हणून चिडलेली एक मुलगी आहे.

माझ्या अनुभवात अशा आठवणीतून ‘अधिकारी व्हायचं’ हे थेट बाहेर पडत नाही. आठवणीतून बाहेर पडते ती चीड, किंवा एखाद्याच्या कामाचं अप्रूप. तिला ‘कलेक्टर’ हे नाव नंतर चिकटतं, कारण आपल्या गावाकडे प्रश्न सोडवणाऱ्या माणसाचं तेवढं एकच नाव सगळ्यांना ठाऊक असतं. कृषी शाखेत तुम्ही पाणलोट, पीकपद्धती, ठिबक हे सगळं शिकलात. ते शिकताना २०१६ ची आठवण कधी जागी झाली का? झाली असेल, तर तुमचं ध्येय पाण्याभोवतीचं आहे आणि उपजिल्हाधिकारीपद ही तिकडे जाणारी एक वाट. झाली नसेल, आणि आठवणीत सर्वांत ठळक जर गाडीतून उतरलेले साहेब आणि बाजूला सरकलेली गर्दी असेल, तर प्रेरणा वेगळी आहे. तीही चालते. फक्त ती कोणती, हे माहीत हवं.

मानाची हाव असणं वाईट, असं आपल्याकडे शिकवतात. मला ते पटत नाही. ज्या घरातल्या माणसांनी तलाठ्यासमोर उभं राहून सातबाऱ्यासाठी चकरा मारल्या, त्या घरातल्या मुलीला टेबलाच्या पलीकडे बसावंसं वाटणं यात हलकं काय आहे? गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, तरी अभ्यासिकेत अजून ‘लाल दिवा’ म्हटलं जातं, यावरून ही ओढ किती खोल आहे ते दिसतं. अडचण एवढीच की मान हा निकालाच्या दिवशी सर्वांत जास्त मिळतो आणि काम मात्र त्यानंतर तीस वर्षं करायचं असतं.

म्हणून एक करून पाहा. डोळे मिटून ‘माझी पोस्ट निघाली’ हे चित्र पुढे पुढे नेत राहा. गुलाल, गावच्या वेशीवरचा फ्लेक्स, शाळेतला सत्कार, आईच्या डोळ्यांतलं पाणी, क्लासच्या मंचावरचं भाषण. हे बहुतेकांना लख्ख दिसतं. मग मी विचारते, तीन वर्षांनंतरचा साधा मंगळवार सांगा. इथे अनेकांचं चित्र बंद पडतं.

तो मंगळवार कसा असू शकतो, ते तहसीलचं उदाहरण घेऊन सांगते. तुम्ही तहसीलदार आहात आणि सुनावणीचा दिवस आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली (शेतरस्त्यांचे तंटे तहसीलदार याच कायद्याने ऐकतो) अर्ज आलाय : चुलत भावाने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला, ऊस बाहेर काढता येत नाही. दोन्हीकडचे वकील आलेत, एकाला पुढची तारीख हवी आहे. नकाशात रस्ता दिसत नाही, पण बांधावरून तीस वर्षं बैलगाडी जात होती असं चार जण शपथेवर सांगतायत आणि तेवढेच जण नाही म्हणतायत. मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा मोघम. तुम्हाला उन्हात जाऊन स्थळपाहणी करायची आहे, कारण देऊन निकाल लिहायचा आहे, तो वर पुनरीक्षणात, म्हणजे वरिष्ठांच्या फेरतपासणीत, टिकला पाहिजे. तोवर कुठल्या तरी दौऱ्याच्या बंदोबस्ताचा फोन, मतदार यादीचं काम, आणि रात्री वाळूच्या गाडीची खबर. यातलं बरंचसं पुढे उपजिल्हाधिकाऱ्यालाही चुकत नाही, त्यात भूसंपादन आणि पुनर्वसनाची भर पडते.

हे वाचताना तुमचं मन कुठे गेलं, तेच तुमचं उत्तर आहे. काही मुली हे ऐकून पुढे सरकून बसतात : ‘मग मॅडम, नकाशात नसलेल्या रस्त्याचा पुरावा कसा धरायचा?’ त्यांना मी सांगते, अभ्यास करा, तुम्हाला हेच काम हवं आहे. काही जणी विनम्रपणे ऐकून घेतात आणि विषय बदलतात. यात हुशारीचा काही संबंध नाही.

आता थोडं शास्त्र, कारण तुम्ही ‘हे ध्येय माझं आहे की घरच्यांचं’ असंही विचारलं आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात प्रेरणेची एक मांडणी केली, ती मला या कामात सगळ्यात उपयोगी पडते. आपलं आणि परक्याचं अशी दोनच खाती नसतात, मधे बऱ्याच पायऱ्या असतात, असं ते म्हणतात. एका टोकाला बक्षीस किंवा शिक्षा, दुसऱ्या टोकाला निव्वळ कामाची गोडी. स्पर्धा परीक्षेतली मुलं बहुतेक वेळा मधल्या एका पायरीवर अडकलेली दिसतात. तिथे बाहेरून कुणी काही म्हणत नाही, कारण ते म्हणणं आपण गिळलेलं असतं. वडील फोनवर म्हणतात, ‘तू टेन्शन घेऊ नको’, आणि तरी मनात चालू राहतं : दर महिन्याला खोलीचे आणि मेसचे पैसे येतात, धाकट्याचं शिक्षण थांबलं, आता रिकाम्या हाताने गेले तर काय तोंड दाखवू. हे इंधन जोरात जळतं. त्यावर बारा-बारा तास बसता येतं. पण त्यावर बसलेल्या माणसाला चूक झाली की ती सुधारावीशी वाटत नाही, लपवावीशी वाटते; तो टेस्ट सिरीजचे गुण मैत्रिणीलाही सांगत नाही. तुमचं असं होतं का, ते बघा.

ओळखायची एक साधी खूण आहे. समजा पोस्ट मिळाली, पण अट अशी की गावात, नात्यात, कॉलेजच्या ग्रुपवर कुणालाही कधीच कळणार नाही. तरी हवी? लगेच ‘हो’ येत नाही, कुणाचंच येत नाही. पण थोडा वेळ दिल्यावर आत काय उरतं ते पाहा. आणि दुसरी : टेस्ट सिरीज, ग्रुप, सगळं बंद असलेल्या आठवड्यात तुम्ही आपणहून काय उघडता? २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर आहेत आणि वैकल्पिक विषय आला. तुम्ही कृषी हा विषय घेतलात. तो आवडतो म्हणून घेतलात, की पदवी त्यातली आहे आणि नोट्स तयार मिळतात म्हणून? दोन्ही कारणं चालण्यासारखी आहेत. मला फक्त त्यातलं खरं कोणतं ते हवंय.

दुसऱ्यांच्या यशातलं कोणतं टोचतं, हेही पाहून घ्या. बॅचमधली एखादी पीएसआय झाली, एकाने शेतकरी उत्पादक कंपनी काढली, कुणी नेदरलँड्समध्ये, शेतीच्या शिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या वाखेनिंगनला शिकायला गेली. तिघांनाही आपण ‘अभिनंदन’ पाठवतो. पण त्यांतल्या एकाची बातमी वाचल्यावर फोन उलटा ठेवावासा वाटतो. ती कोणाची? मला हा प्रश्न कुठल्याही अभिरुची चाचणीपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण चाचणीत माणूस बरं दिसेल असं उत्तर भरतो. असूया मात्र ठरवून होत नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. तुम्ही तो लिहिलेला नाही, आणि तुमच्या बाबतीत तो नसेलही. तरी सांगते, कारण वयाच्या २५-२६ वर्षांपुढच्या मुलींशी बोलताना तो जवळजवळ दर वेळी निघतो. ‘अभ्यास चालू आहे’ हे आपल्या समाजात मुलीला मिळालेलं एक मान्य कारण आहे. त्या कारणावर ती पुण्यात राहू शकते, रात्री नऊला अभ्यासिकेतून एकटी परत येऊ शकते, मैत्रिणींबरोबर चहाला जाऊ शकते, आणि घरी स्थळाचा विषय निघाला की ‘मेन्स होऊ दे’ म्हणू शकते. नोकरी लागली की ते कारण संपतं. ‘आता सेटल झालीस’ म्हणून पुढच्या महिन्यात बायोडाटा फिरायला लागतो.

तेव्हा जॉइन होण्याबद्दलची तुमची घालमेल राज्यसेवेबद्दलची आहे की या चार वर्षांत पहिल्यांदा मिळालेल्या मोकळिकीबद्दलची, हे वेगळं करून पाहा. मोकळीक हवी असणं हे पूर्ण मानाचं, स्वतंत्र ध्येय आहे. पण त्यासाठी उपजिल्हाधिकारी व्हायलाच हवं असं नाही. स्वतःचा पगार असलेली मुलगी ती वेगळ्या पद्धतीनेही मिळवू शकते. पुण्यातल्या तुमच्या सोबतिणींबद्दलही तेच. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी, तिचा डबा, रविवारची टेस्ट आणि नंतरची चर्चा, हे सगळं सुटणार या कल्पनेनेही पाय अडतात, आणि आपण त्याला ‘ध्येयावरची निष्ठा’ म्हणतो.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी १९६१ पासून व्यवस्थापनाच्या ४४ पदवीधरांची पुढची दहा-बारा वर्षं पाहिली आणि त्यातून एक गोष्ट मांडली : माणसाला काय हवंय ते तो काय मिळवतो यावरून कळत नाही, निवड करायची पाळी आल्यावर काय सोडत नाही त्यावरून कळतं. तुमच्यासमोर अशी पाळी आलेलीच आहे. बँकेचं पोस्टिंग परराज्यात येऊ शकतं. हे वाचून पहिलं वाईट कशाचं वाटलं? गावच्या प्रश्नांपासून लांब जावं लागेल याचं, पुणं सुटेल याचं, की मराठीत काम करायला मिळणार नाही याचं? उत्तर कागदावर लिहा, मला पाठवायची गरज नाही.

बँकेच्या कामाबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात ते ‘सेफ ऑप्शन’ म्हणून आलंय आणि त्यापलीकडे त्याची काही चौकशी केलेली दिसत नाही. कृषी अधिकाऱ्याचं काम म्हणजे पीककर्ज, किसान क्रेडिट कार्ड, शेतावर जाऊन पाहणी, प्रकल्प अहवाल आणि मार्चअखेरची वसुली. थकलेलं कर्ज नवं-जुनं करून घ्यायला आलेल्या शेतकऱ्यासमोर तुम्ही बसाल, आणि त्याचं पीक खरंच गेलंय की नाही हे तुम्हाला तुमच्या पदवीमुळे कळेल. पाण्याच्या प्रश्नाची चीड असलेल्या माणसाला ठिबकचं कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवणं निरर्थक वाटेल असं मला वाटत नाही. टार्गेटचा जाच मात्र आहे. विमा विका, खाती उघडा, हेही येतं. एखाद्या ग्रामीण शाखेत जाऊन ओळखीने दिवसभर बसून या, आणि एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी तहसीलच्या आवारात काढा. सुनावणी कक्षाच्या दारापाशी बाकावर बसलेल्यांशी बोला. चार वर्षं ज्या पदासाठी दिली, ते काम प्रत्यक्ष दिवसभर पाहिलेली मुलं फार थोडी भेटतात, याचं मला अजून नवल वाटतं.

माझं मत विचारलंत तर, वर जे विचारलं त्यात सुरक्षितता आणि मोकळीक या गोष्टी ठळक निघाल्या तर बँक घ्या आणि परीक्षेला मनापासून रामराम करा. अर्धवट ठेवू नका. रस्त्याचा तंटा वाचून पुढे सरकून बसला असाल तर परीक्षा द्या, पण त्याही बाबतीत मी जॉइन व्हा असंच म्हणेन. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे, दार लगेच बंद होत नाही. तुम्ही ज्या दोन मुख्य परीक्षा दिल्या त्या जुन्या, मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या होत्या; नवी परीक्षा लिहिण्याची आहे, तिथे तो अनुभव थोडाच कामी येईल आणि तयारीला नव्याने वेळ लागेल. तो वेळ घरच्या पैशांवर काढण्यापेक्षा स्वतःच्या पगारावर काढलात तर वर सांगितलेलं ते जोरात जळणारं इंधन आपोआप कमी होईल. नोकरी करून वर्णनात्मक पेपरची तयारी अवघड आहे, हे खरं. रोज तीन तास मिळाले तरी पुष्कळ. जॉइन होण्याआधी नेमणूकपत्रात बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा आहे, दुसऱ्या परीक्षेसाठी ना-हरकत प्रमाणपत्राचा नियम काय आहे आणि रुजू व्हायला मुदतवाढ मिळते का, या तीन गोष्टी लेखी विचारून घ्या.

आणि घरी बोलाल तेव्हा नोकरीचं आणि लग्नाचं बोलणं वेगवेगळ्या दिवशी करा. आधी आईशी, गावी जाऊन, लग्नाबद्दल : किती वर्षं नको, का नको, तोवर घरात कोण काय म्हणेल आणि ती त्यांना काय सांगेल. ते निभावलं की मग वडिलांशी बँकेबद्दल. एकाच संध्याकाळी दोन्ही विषय निघाले तर नोकरीचा निर्णय स्थळांच्या हिशेबाने होतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.